लँगोलेनचा गानमेळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला की वेल्समधल्या लँगोलेनच्या गाण्याच्या महोत्सवाबद्दल माझ्या फोनवर तेच ते प्रश्न यायला लागतात. कुणाचे आई-बाबा तीन महिन्यांसाठी इंग्लंडात मुलाकडे येणार असतात. कुणाच्या गायकवृंदाला पुण्याहून किंवा मडगावहून यायचं असतं. कुणी नुसतंच इटालियन ऑपेरा-गायक पावारोत्तीचं नाव ऐकलेलं असतं. मी उत्तर-पश्चिम इंग्लंडमध्ये राहते, मोहल्ल्यातल्या एका हौशी कॉयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, आल्टो (बायकांचा खालचा आवाज) गाते आणि दर जुलैत एक-दोन दिवस लँगोलेनला घालवते. आयोजकांशी माझा काही संबंध नाही. त्यामुळे तारखा, दर आणि नियम त्या-त्या वर्षी महोत्सवाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्या. बाकीचं खाली आहे.

१. हे लँगोलेन आहे तरी कुठे, आणि तिथे नेमकं काय असतं?

वेल्सच्या ईशान्य कोपऱ्यात, डी नदीच्या काठी वसलेलं हे जुनं बाजाराचं गाव. लोकवस्ती चार हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढी. नदीवर दगडी कमानींचा जुना पूल आहे, आणि वेल्सच्या 'सात आश्चर्यां'ची यादी सांगणाऱ्या जुन्या पद्यात त्याचं नाव येतं. मागे टेकडीवर पडका किल्ला, बाजूने कालवा, आणि गावात आजही मार्केट स्ट्रीट नावाचा रस्ता.

या एवढ्याशा गावात १९४७ पासून दर उन्हाळ्यात जगभरचे गायकवृंद आणि लोकनृत्याचे संघ येतात, स्पर्धेत गातात-नाचतात आणि परत जातात. कोविडच्या काळात खंड पडला, तो सोडला तर परंपरा अखंड आहे. पूर्ण नाव 'लँगोलेन आंतरराष्ट्रीय म्युझिकल आइस्तेद्वॉद'. या शेवटच्या शब्दाचं काय, ते प्रश्न ३ मध्ये.

२. नावाचा उच्चार कसा करायचा? बसमध्ये फजिती व्हायला नको.

फजिती होते, पण कुणी वाईट वाटून घेत नाही. वेल्श भाषेतला जोड 'ल' आपल्या 'ल'सारखा नाही. 'ल' म्हणायला जीभ टाळूला लावा, ती तिथेच ठेवा, आणि गळ्यातून आवाज न काढता जिभेच्या दोन्ही कडांनी नुसती हवा सोडा. फुस्स असा जो आवाज येतो तोच तो. नावात तो दोनदा येतो, सुरुवातीला आणि मध्ये. 'ह्लॅन-गॉ-ह्लेन' म्हटलंत तरी पुष्कळ जवळ जाता. माझी आई पहिल्याच प्रयत्नात बरोबर म्हणाली होती. तिच्या मते दूध उतू जाताना आपण जशी फुंकर घालतो तसंच आहे ते.

मराठीत मी सोपं करून 'लँगोलेन' लिहिते. 'ह्लॅन' म्हणजे चर्चभोवतीची पवित्र जागा. संत कॉलेन यांचं चर्च म्हणून हे नाव. ते चर्च गावात आजही आहे आणि त्याचं कोरीव ओक लाकडाचं छत पाहण्यासारखं आहे.

३. आइस्तेद्वॉद म्हणजे काय? ऑगस्टमध्ये असते तीच ना ही?

नाही. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. 'आइस्तेद' म्हणजे बसणं. त्या अर्थाने आपल्या 'बैठकी'च्या फार जवळचा शब्द. कवी आणि गायकांनी जमून एकमेकांशी स्पर्धा करायची ही वेल्सची फार जुनी रीत आहे. ११७६ साली कार्डिगनच्या किल्ल्यात भरलेल्या स्पर्धेपासून तिचा इतिहास सांगतात.

आज मोठ्या अशा तीन आहेत. ऑगस्टच्या सुरुवातीला भरते ती राष्ट्रीय आइस्तेद्वॉद. ती दरवर्षी गाव बदलते आणि तिचा सगळा कारभार वेल्श भाषेत चालतो. मेअखेरीस शाळकरी आणि तरुण मुलांची 'उर्द' असते. जुलैतली लँगोलेनची आंतरराष्ट्रीय. हिचं गाव कायमचं एक, आणि भाषा जगातली कुठलीही. २०२५ मध्ये राष्ट्रीय आइस्तेद्वॉद रेक्समला होती, म्हणजे इथून जेमतेम वीस किलोमीटरवर. त्या वर्षी दोघांनी मला विचारलं, "जुलैचं तिकीट ऑगस्टला चालेल का?" चालत नाही.

४. एवढ्याशा गावात जागतिक महोत्सव सुरू कसा झाला?

दुसऱ्या महायुद्धातून. ब्रिटिश कौन्सिलमध्ये काम करणारे पत्रकार हॅरल्ड ट्यूडर यांच्या डोक्यात आलं की युद्धाने तुटलेल्या देशांतल्या माणसांना एकत्र आणायचं तर गाण्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. लँगोलेनमध्येच राहणारे संगीतकार आणि संगीत-प्रकाशक डब्ल्यू. एस. ग्विन विल्यम्स यांनी संगीताची बाजू उचलली. जी. एच. नॉर्दिंग या स्थानिक शिक्षकांनी गावाला कामाला लावलं. मैदानात मोठा तंबू ठोकला, शिधापत्रिकांच्या त्या दिवसांत परदेशी गायकांना गावकऱ्यांनी आपापल्या घरी उतरवून घेतलं, आणि जून १९४७ मध्ये पहिला मेळा भरला.

कुणी येईल की नाही याचीच धास्ती होती. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातून बायकांचा वृंद आला. फ्रान्समध्ये रेल्वेचा संप चालू होता, म्हणून बुडापेस्टहून निघालेला कामगारांचा वृंद मिळेल त्या वाहनाला हात दाखवत पोचला. गाणाऱ्या माणसांनी रस्त्यावर अंगठा दाखवत अर्धा युरोप ओलांडायचा, हे चित्र मला त्या वर्षीच्या कुठल्याही बक्षिसापेक्षा मोठं वाटतं.

दोन वर्षांनी, १९४९ मध्ये, जर्मनीतल्या ल्युबेकचा वृंद आला. युद्ध संपून चारच वर्षं झाली होती, आणि समोर बसलेल्यांत घरचं माणूस गमावलेले कित्येक जण होते. सूत्रसंचालकाने 'आपले जर्मनीचे मित्र' अशी ओळख करून दिली आणि तंबूत टाळ्या झाल्या, असं गावात अजून सांगतात. मुलांनी व्यासपीठावरून शांततेचा संदेश देण्याची इथली प्रथा याच मुळातून आलेली आहे. २००४ मध्ये महोत्सवाचं नाव शांततेच्या नोबेलसाठी सुचवलं गेलं होतं.

५. पावारोत्ती खरंच इथे स्पर्धेत होता का, की सगळे उगाच सांगतात?

खरंच होता. मात्र एकटा नाही, ओळीत उभा राहून. १९५५ मध्ये इटलीतल्या मोदेना गावाचा 'कोराले रोस्सिनी' हा पुरुषांचा वृंद आला होता. त्यात फेर्नांदो पावारोत्ती हे बेकरीत काम करणारे गृहस्थ गात होते, आणि शेजारी त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा लुचानो. वृंदाला पहिलं बक्षीस मिळालं. आपण गाण्यातच पुढे जायचं हे त्या आठवड्याने ठरवलं, असं लुचानो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. १९९५ मध्ये, चाळीस वर्षांनी, तो इथे परत येऊन गायला. आज सर्व गटांच्या विजेत्यांमधून जो 'जगाचा गायकवृंद' निवडतात त्याला मिळणारा करंडक त्याच्या नावाचा आहे.

ऑपेरा-गायक प्लासिदो दोमिंगोचा ब्रिटनमधला पहिला कार्यक्रम १९६८ साली याच गावात झाला. १९५३ हे वर्ष तर फारच गजबजलेलं होतं. राज्याभिषेकानंतर काही आठवड्यांतच राणी एलिझाबेथ आली, कवी डिलन टॉमस बीबीसीसाठी वृत्तांत करायला आला, आणि जर्मनीतल्या ओबर्नकिर्शेन गावची मुलं एक भटकंतीचं गाणं गाऊन जिंकली. बीबीसीवरून ते 'द हॅपी वाँडरर' म्हणून घराघरांत पोचलं.

६. कधी असतो, आणि एकच दिवस काढता आला तर कोणता?

जुलैचा पहिला किंवा दुसरा आठवडा. साधारण मंगळवार ते रविवार.

एकच दिवस असेल तर बहुतेक जण शनिवार सांगतील, कारण करंडकाची अंतिम फेरी तेव्हा असते. माझं उत्तर वेगळं आहे. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी सकाळी साडेनऊ-दहाला मंडपात जाऊन बसा. कुठल्या तरी फिनिश किंवा फिलिपिनो गावातून आलेली तीस-चाळीस माणसं रांगेत येतात. वृंदाचं गाणं चालवणारा कंडक्टर खिशातून स्वरकाटा काढतो, गुडघ्यावर आपटून कानाशी धरतो, ओठ मिटून हलकेच स्वर देतो. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग चाळीस गळे एकदम उघडतात. रात्रीच्या नामवंतांना तुम्ही लंडनला, मँचेस्टरलाही ऐकाल. हे तिथे मिळणार नाही.

७. एका तिकिटात दिवसाच्या स्पर्धा आणि रात्रीची मैफल दोन्ही येतात का?

नाही. दिवसाचं तिकीट म्हणजे मैदान आणि स्पर्धा. रात्रीच्या मैफलीचं वेगळं, बरंच महाग आणि ठरलेल्या खुर्चीचं. दिवसाच्या तिकिटावर मैदानातल्या छोट्या रंगमंचांवरचे कार्यक्रमही पाहता येतात, आणि खरं तर दिवस त्यातच संपतो. अलीकडच्या वर्षांत याच मंडपात महोत्सवाच्या आगेमागे पॉप आणि रॉकच्या मोठ्या मैफली होतात. त्यांचं तिकीट काढून 'मला कॉयर कुठे दिसलेच नाहीत' असं म्हणणारे एक काका मला माहीत आहेत. तिकीट काढताना तारखेबरोबर कार्यक्रमाचं नावही वाचा.

८. आम्हाला पाश्चात्त्य संगीतातलं ओ की ठो कळत नाही. कंटाळा येईल का?

पहिली पंधरा मिनिटं येईल. आपला कान एका सुरावटीमागे जायला शिकलेला असतो: गायक कुठे गेला, समेवर कसा आला. इथे एकाच वेळी चार सुरावटी चालू असतात. उंच बायकी आवाज सोप्रानो, खालचा बायकी आल्टो, उंच पुरुषी टेनर, खर्ज बास. चौघांचे शब्द बहुधा एक, चाली चार.

माझी युक्ती सांगते. सोप्रानोंच्या मागे लागू नका, त्या आपोआप ऐकू येतात. मागच्या रांगेतल्या खर्जाच्या पुरुषांकडे बघा आणि फक्त त्यांचाच आवाज शोधा. सापडला की तो तानपुऱ्यासारखा धरून ठेवा आणि बाकीचं त्यावर येऊ द्या. तानपुऱ्याशी फरक एवढाच की हा षड्ज हलतो. तो हलला की वरचं सगळं घर हलतं, आणि मजा तिथे आहे.

माझे बाबा सवाई गंधर्वला रात्री जागवलेल्या पिढीतले. पहिल्या दिवशी त्यांनी "यात आलाप कुठाय?" म्हणून तोंड वाकडं केलं. दुसऱ्या दिवशी वेल्सचाच एक पुरुषांचा वृंद गायला, बहुतेक सगळे साठीच्या पुढचे, लाल कोट घातलेले. बाबा काही बोलले नाहीत. चहाच्या रांगेत मात्र ते त्या खर्जाची ओळ गुणगुणत होते, चुकीच्या पट्टीत.

९. परीक्षक नेमकं काय बघतात? आम्हाला सगळेच छान वाटले.

स्वर, एकत्र उच्चार, आवाजांचा तोल, आणि रचनेत जे आहे ते बाहेर आलं की नाही. वाद्याशिवाय गाताना सर्वांत मोठा धोका म्हणजे पट्टी उतरणं. चाळीस जण मिळून एका गाण्यात पाव स्वर खाली सरकतात आणि कुणालाच पत्ता लागत नाही, कारण सगळे बरोबरच सरकलेले असतात. गाणं संपल्यावर परीक्षकांतला कुणी हळूच स्वर तपासताना दिसला तर समजा, हेच चाललंय. आमच्या वृंदात 'उतरलो का?' हा प्रश्न 'जेवलात का?'इतक्या सहज विचारतात.

गुण शंभरपैकी देतात, आणि परीक्षक व्यासपीठावर येऊन सर्वांसमोर बोलतात. ते भाषण चुकवू नका. काय ऐकायचं याचा फुकटचा वर्ग असतो तो. एकमेकांच्या अगदी जवळ आलेल्या दोन वृंदांत फरक कशाचा होता, हे तिथे दोन वाक्यांत कळतं.

१०. गाडी नाही. कसं पोचायचं?

गावात मुख्य मार्गावरचं रेल्वे स्थानक नाही. प्रवासी गाड्या १९६५ मध्ये बंद झाल्या. आज तिथे स्टेशन दिसतं ते हौशी मंडळींनी चालवलेल्या वाफेच्या गाडीचं, आणि ती लँगोलेन ते कॉर्वेन अशी साधारण सोळा किलोमीटरच जाते. स्टेशन नकाशावर बघून 'लंडनहून थेट गाडी' शोधणारे दरवर्षी भेटतात.

खरं स्थानक म्हणजे रुआबॉन, श्रूजबरी–चेस्टर मार्गावरचं. तिथून दहाएक किलोमीटर, बसने. रेक्समहूनही बस आहे. रात्रीची मैफल संपल्यावर बस मिळेल असं गृहीत धरू नका. एका वर्षी मी धरलं होतं. शेवटी एका अनोळखी कुटुंबाच्या गाडीत, त्यांच्या भल्यामोठ्या कुत्र्याच्या शेजारी बसून रेक्समला पोचले.

गाडी असेल तर मँचेस्टर विमानतळापासून सव्वा ते दीड तास. ए-५ रस्ता गावातून जातो आणि महोत्सवाच्या दिवसांत पुलापाशी कोंडी होते. लवकर या, गाडी ठेवा आणि मंडपापर्यंत चाला, दहा-पंधरा मिनिटं लागतात.

११. राहायची सोय?

गावातल्या खोल्या फार आधी भरतात. रेक्सम, चेस्टर किंवा ऑस्वेस्ट्रीला राहून रोज ये-जा करणं सोपं पडतं. आगाऊ पैसे भरताना रद्द करण्याच्या अटी वाचा. एका वर्षी माझी खोली ऐन आठवडाभर आधी मालकाने परस्पर दुसऱ्याला दिली आणि पैसे परत यायला सप्टेंबर उजाडला. स्पर्धकांची सोय वेगळी असते, ती प्रश्न १६ मध्ये.

१२. जुलै म्हणजे उन्हाळाच ना? स्वेटर लागेल?

लागेल. रेनकोटही. वेल्सचा जुलै म्हणजे महाबळेश्वरचा सप्टेंबर समजा. दुपारी अठरा-वीस अंश, ढग आले की लगेच गार. १९९२ पर्यंत सगळं तंबूत व्हायचं आणि जुनी मंडळी चिखलाच्या गोष्टी आपल्याकडच्या पुराच्या गोष्टींसारख्या सांगतात. १९९२ मध्ये कायमचा मंडप झाला. पांढऱ्या ताणलेल्या कापडाचं छत, दुरून नदीकाठी उतरलेल्या पक्ष्यासारखं. पाऊस आतमध्ये येत नाही, थंडी येते. जोरदार सर आली तर छतावर ती ऐकूही येते. एकदा अगदी हळुवार रचना चालू असताना सर कोसळली, आणि कंडक्टरने पुढचं गाणं सुरू करायला पाऊस ओसरेपर्यंत थांबणं पसंत केलं. कुणाचीच कुरकुर नव्हती.

१३. शाकाहारी आहोत, आई अंडंही खात नाही. उपाशी राहायची वेळ येईल?

उपाशी नाही, पण बटाट्यावर दिवस काढावा लागेल. भाजलेला बटाटा, चीज, सूप, चिप्स सगळीकडे मिळतं. वेल्श केक बघून हात पुढे जाईल: छोटे, चपटे, मनुका घातलेले, वरून साखर भुरभुरलेली, लोखंडी तव्यावर भाजलेले. आपल्या दशमीची आठवण हमखास येते. पण त्यात अंडं असतं आणि जुन्या पद्धतीत डुकराची चरबीही. बहुतेक ठिकाणी आता लोणी वापरतात, तरी विचारा. 'बारा ब्रिथ' या चहात भिजवलेल्या मनुकांच्या पावातही सहसा अंडं असतं.

माझा सल्ला: मेथीचे ठेपले आणि लिंबाचं लोणचं डब्यात. मैदानात गवतावर बसून खाणाऱ्यांत तुम्ही एकटे नसाल.

१४. आई-बाबांना दिवसभर बसवणार नाही. मधे काय दाखवू?

पुलावर उभं राहायचं. डी नदी इथे खडकांवरून उड्या मारत जाते आणि पुलावरून ती तासभर बघता येते, एक पैसा न देता. कालव्यावर घोड्याने ओढलेल्या नावेतून फेरी मिळते. घोडा काठावरून चालतो, नाव पाण्यातून आवाज न करता सरकते. ज्येष्ठांसाठी याहून चांगलं काही नाही. 'प्लास नेविद' हे काळ्या-पांढऱ्या लाकडी नक्षीचं घरही जवळच आहे. आयर्लंडमधून घरच्यांना न जुमानता निघून आलेल्या एलिनॉर बटलर आणि सारा पॉन्सनबी या दोघी १७८० पासून तिथे एकत्र राहिल्या.

थोडं लांब, सहाएक किलोमीटरवर, अभियंते टेलफर्ड आणि जेसप यांनी बांधलेला पोन्तकसल्टे जलसेतू. १८०५ मध्ये पुरा झाला, २००९ पासून जागतिक वारसा. दरीच्या ३८ मीटर वरून ३०७ मीटर लांब लोखंडी पन्हळ जाते आणि त्या पन्हळीतून नावा जातात. चालायच्या बाजूला कठडा आहे, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. नावेत बसून त्या बाजूला पाहिलं की थेट खाली झाडांचे शेंडे. चक्कर येणाऱ्यांनी नावेचा मोह टाळावा.

गुडघे शाबूत असतील तर दिनास ब्रान. साधारण ३२० मीटर उंचीच्या टेकडीवर तेराव्या शतकातल्या किल्ल्याचे अवशेष. 'ब्रान' म्हणजे डोमकावळा. सिंहगड चढलेल्याला हे काहीच नाही, पण वाट सुरुवातीपासून चढीची आहे आणि वर दही-पिठलं नाही.

१५. मुलांना घेऊन येऊ का? मिरवणूक कधी असते?

जरूर या. मिरवणुकीत सगळे देश आपापल्या पोशाखात गावातून चालत, गात, नाचत जातात. काठावर उभ्या माणसांना हात धरून नाचायला ओढतात. पालखीबरोबर दोन पावलं चाललेल्या कुणालाही ती लय ओळखू येईल. मिरवणुकीचा वार वर्षागणिक बदलला आहे, त्यामुळे वेळापत्रक बघूनच दिवस ठरवा. मुलांच्या शांतता-संदेशाचा दिवसही तिथेच कळेल. अगदी लहान मूल असेल तर मंडपात दाराजवळची खुर्ची धरा. कारण प्रश्न १९ मध्ये.

१६. आमच्या भारतातल्या गायकवृंदाला किंवा नृत्यसंघाला भाग घेता येईल?

येईल. भारतातून, विशेषतः पंजाबातून, भांगड्याचे संघ इथे येऊन गेले आहेत. तयारी वर्षभर आधी सुरू करा. अर्जाबरोबर ध्वनिमुद्रण किंवा चित्रफीत द्यावी लागते आणि त्यावरून निवड होते. प्रवासखर्च ज्याचा त्याने करायचा असतो. पूर्वी गावकरी घरोघरी पाहुणे ठेवत, आता त्याचं प्रमाण कमी झालं आहे, म्हणून निवास आणि जेवणाची व्यवस्था काय मिळेल ते पत्राने पक्कं करून घ्या.

आता खरी अडचण. आपल्याकडे 'समूहगीत' म्हणून जे गातो ते बहुतेक सगळे एकाच चालीत गातात. इथल्या मिश्र, पुरुष किंवा स्त्री वृंदांच्या गटांत त्याचा निभाव लागणार नाही, गाणं कितीही सुरेल असो. चार आवाजांची रचना हवी. गोव्यातल्या चर्चमधल्या वृंदांना ही सवय पिढ्यान् पिढ्या आहे आणि मांडो ही तिथली गाणी तर स्वरांच्या जोडीनेच गातात. महाराष्ट्रातल्या मंडळींनी लोकसंगीताचा किंवा लोकनृत्याचा गट पाहावा. लेझीम, कोळीनृत्य, धनगरी गजा तिथे शोभेल. नृत्याला साथ जिवंत हवी, ढोलकीवाला बरोबर आणा. सीडी लावून नाचायचा बेत असेल तर आधी त्या वर्षीचे नियम वाचा.

१७. व्हिसा कोणता लागतो?

नुसतं ऐकायला येणाऱ्यांना नेहमीचा पर्यटक व्हिसा. स्पर्धकांसाठी ब्रिटन सरकारची काही ठरावीक महोत्सवांची यादी असते. त्यातल्या महोत्सवात कला सादर करायला वेगळा कामाचा परवाना लागत नाही, आणि या यादीत हा महोत्सव राहिलेला आहे. अर्जाच्या वेळी ताजी यादी तपासा आणि आयोजकांचं निमंत्रणपत्र जोडा. वृंदातल्या वीस जणांचे व्हिसा आले आणि एकमेव टेनर अडकला, असं होऊ शकतं. दोन टेनर जास्त शिकवून ठेवा.

१८. सगळी गाणी चर्चची असतात का? आमच्या आजीला विचारायचं आहे.

आजीला सांगा, बरीच असतात, पण हा धार्मिक सोहळा नाही. युरोपात शेकडो वर्षं वृंदांसाठी उत्तम रचना चर्चकरता झाल्या, म्हणून त्या गातात. ख्रिस्ती नसलेला माणूस अभंग ऐकायला बसतो तसंच. त्याच तासात कुणी मासेमारीचं गाणं गातं, कुणी अंगाई. महोत्सवाचं बोधवाक्य कवी टी. ग्विन जोन्स यांच्या दोन वेल्श ओळींचं आहे. त्याचा भावार्थ असा: गाणारं जग धन्य, आणि सौम्य त्याची गाणी.

१९. मधेच उठलं, उशिरा पोचलो, फोनवर रेकॉर्ड केलं तर चालतं का?

गाणं चालू असताना दारं बंद असतात आणि दोन वृंदांच्या मधे आत सोडतात. बाहेर जायचं असलं तरी तेव्हाच. दाद टाळ्यांनीच, आणि गाणं संपल्यावर. मधेच 'वाह' निघून गेलं तर समोरचे वळून बघतील, रागाने नाही, कुतूहलाने. माझ्या बाबांच्या तोंडून दोनदा निघून गेलं. दुसऱ्यांदा शेजारच्या वेल्श आजोबांनीही तसंच काहीसं म्हणून पाहिलं.

रेकॉर्डिंगबाबत दारावर काय लिहिलंय ते पाळा. फ्लॅश कधीच नको. मैदानातल्या छोट्या रंगमंचांवर मात्र कुणी सहसा हरकत घेत नाही.

२०. आमची तारीख जमत नाही. जुलै सोडून गेलो तर काही ऐकायला मिळेल?

महोत्सव नाही मिळणार, कॉयर मिळेल. ईशान्य वेल्समध्ये जुने पुरुष वृंद आहेत आणि त्यांचे सराव बहुतेक आठवड्यातून एका संध्याकाळी शाळेच्या किंवा चर्चच्या सभागृहात होतात. पुष्कळ ठिकाणी पाहुण्यांना ऐकायला बसू देतात. आधी फोन करून विचारा. ऑगस्टमध्ये बरेच सराव बंद असतात, सप्टेंबरपासून पुन्हा सुरू होतात. आत गेल्यावर 'बोरे दा' हा सकाळचा नमस्कार, 'नोस्वाइथ दा' संध्याकाळचा, आणि निघताना 'दिऑल्ख', म्हणजे आभार. यातला 'ख' घसा खरवडून काढायचा, उर्दूतल्या 'ख़त'सारखा. चहाच्या वेळी खुर्च्या उचलायला मदत केलीत तर पुढच्या आठवड्याचंही आमंत्रण मिळतं.